शाई वाहून गेली, शिसपेन्सिल राहिली

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा माझ्या एकोणीस वह्या भिंतीतल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होत्या. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. इथं पावसाळ्यात माणसं एकमेकांना भेटली की आधी विचारतात, "पुलापाशी किती?" पूल म्हणजे आयर्विन पूल, आणि किती म्हणजे किती फूट. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी आमच्या उंबऱ्याला लागून मागं गेलं होतं, त्यामुळं यंदाही तेवढंच येईल असा अंदाज धरून आम्ही धान्याचे डबे, गाद्या आणि देव वर ठेवले. वह्यांकडं लक्षच गेलं नाही. २०१९ ला मात्र पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडं होतो. आठवड्यानं परतलो तेव्हा भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती आणि कपाटाचं दार फुगून घट्ट बसलं होतं.

ह्यांनी पहारीनं दार उघडलं. वह्या एकमेकींना चिकटून एकच गठ्ठा झाला होता. मी अंगणातल्या पायरीवर बसून त्या एकेक सोडवायला लागले. त्या दुपारी माझ्या लिहिण्याच्या साधनांबद्दल मला जे कळलं, ते आधीच्या तीस वर्षांत कळलं नव्हतं.

मी बँकेत नोकरी करत करत कथा लिहिल्या. बहुतेक दिवाळी अंकांसाठी, अधूनमधून एखादं सदर. पहिल्यापासून शाईच्या पेनाचं वेड. बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेलं जाड निबाचं पेन आणि त्यात रॉयल ब्लू शाई. माझ्या मनात लिहिणं म्हणजे तेच. 'चांगल्या' वह्या सगळ्या त्या पेनानं लिहिलेल्या. प्रवासातली टिपणं आणि कामावर जेवणाच्या सुट्टीत सुचलेलं मात्र बॉलपेननं, नाहीतर टेबलावर सापडेल त्या पेन्सिलनं रफ वहीत. त्या रफ वह्या मी वह्या म्हणून मोजतही नसे.

पहिली चांगली वही उघडली. पानं फिकट निळी, सगळीकडं सारखी, कपड्याला नीळ दिल्यावर येते तशी. अक्षर एकही नाही. दुसरी उघडली, तीही तशीच. अकरा वह्या गेल्या. रॉयल ब्लू शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग. शाळकरी पोरांच्या सदऱ्यावर सांडली तर धुऊन निघावी हा तिचा गुणच, आणि तिनं तो गुण पाळला. मग रफ वह्या उघडल्या. बॉलपेनची शाई तेलकट, ती कडेनं थोडी जांभळट पसरली होती, पण वाचता येत होती. आणि पेन्सिल? पेन्सिलीचं एक अक्षर हललं नव्हतं. पानावर गाळाचा थर, कागद पापडासारखा झालेला, आणि त्यात २०१४ सालच्या एका एस.टी. प्रवासात उतरवून घेतलेलं दोन बायकांचं बोलणं काना-मात्रेसकट शाबूत. मी ते पायरीवर बसून मोठ्यानं वाचलं. शेजारच्या काकू गाळ ओढत होत्या, त्या हातातलं खोरं टेकून ऐकत उभ्या राहिल्या.

वह्या वाळवायचं कामही मला शिकावं लागलं. पहिल्या दिवशी मी चूक केली. उन्हात टाकल्या. वरची पानं कडक होऊन वळली आणि आतला ओलावा आतच राहिला. त्या पुरात गावातल्या जुन्या वाचनालयाचीही हजारो पुस्तकं भिजली होती, तिथं मदतीला आलेल्या एका माणसानं मला नीट सांगितलं. ओली पानं ओढून सुटी करायची नाहीत, फाटतात. सावलीत पंख्याखाली वही उभी ठेवायची, पानं पंख्यासारखी उघडून. आठ-दहा पानांआड कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. लगेच हात लावणं होत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, म्हणजे बुरशी धरत नाही. आमचा फ्रीज गेला होता. नणंदेच्या फ्रीजमध्ये मटारांच्या पिशवीशेजारी माझ्या चार वह्या पंधरा दिवस होत्या, आणि त्या चारही वाचल्या. गुळगुळीत कागदाचे जुने दिवाळी अंक मात्र विटेसारखे घट्ट झाले. त्या कागदावरचा लेप ओला झाला की डिंकासारखा चिकटतो. माझी पहिली कथा छापून आलेला अंक त्यातच होता.

तेव्हापासून मी पहिला खर्डा पेन्सिलीनं लिहिते. आठवणीच्या भरात घेतलेला निर्णय वाटेल, पण पुढच्या वर्षभरात मला त्याची दुसरीही कारणं सापडली, आणि ती पुराशी संबंधित नाहीत.

शाईच्या पेनानं लिहिताना मी पहिल्याच वाक्याला शेवटचं वाक्य समजत असे. ते पेन उघडायचं, निब पुसायचं, टोपण मागं लावायचं, आणि मग जे लिहायचं ते त्या सगळ्या थाटाला शोभलं पाहिजे. एका पानासाठी मी तीन-तीन पानं फाडलेली आहेत. पेन्सिलीनं लिहिलेलं कच्चं दिसतं, म्हणून हात मोकळा राहतो. खोडरबर मात्र मी जवळ ठेवत नाही. खोडलं तर जुना शब्द कायमचा जातो, आणि माझ्या बाबतीत जुना शब्दच बरोबर होता असं चारात एकदा तरी निघतं. म्हणून एक आडवी रेघ मारते आणि वर नवा शब्द लिहिते. दोन्ही दिसत राहतात.

एचबी माझ्या हाताला फिकी पडते. संध्याकाळी दिव्याखाली वाचायची तर २बी बरी. गडद उमटते, कागदावर दाब द्यावा लागत नाही आणि दोन तास लिहून अंगठ्याच्या मुळाशी दुखत नाही. एका कथेला दीड ते दोन पेन्सिली लागतात. नटराजच्या लाल-काळ्या पट्ट्यांच्या पेन्सिलीनं शाळेपासूनची ओळख म्हणून याद्या, हिशेब आणि कॅलेंडरावरच्या नोंदी अजून तिनंच करते. टोक शार्पनरनं न काढता चाकूनं काढते. लांब टोक निघतं आणि ते काढताना दोन मिनिटं हात चालू, डोकं मोकळं राहतं. पुष्कळदा अडलेलं वाक्य त्या दोन मिनिटांत सुटतं. ग्राफाइट म्हणजे शेवटी कार्बनच, पाण्याला दाद देत नाही. आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं कधी नव्हतंच. पूर्वी ग्राफाइटला शिशाचाच प्रकार समजत, तेवढ्यावरून हे नाव पडलं आणि मराठीत रुजलं. मला हा शब्द फार आवडतो. तो उच्चारला की चौथीचा वर्ग आठवतो.

वही म्हणजे दोनशेपानी, एकरेघी, शिवण घातलेली. स्प्रिंगची नको. स्प्रिंगेतून पान सहज फाटतं, आणि सहज फाटत असेल तर मी फाडतेच. उजव्या पानावर लिहिते, डावं पान कोरं सोडते. डाव्या पानावर नंतर सुचलेलं, शंका, कुणाला तरी विचारायचं राहिलेलं. "दुष्काळात जनावरांची छावणी कोणत्या महिन्यात बंद होते? आटपाडीच्या मामांना विचारणे." असली वाक्यं डाव्या बाजूला असतात. कागदाची उधळपट्टी होते असं हे म्हणायचे. आता म्हणत नाहीत, कारण डावी पानं किती भरतात हे त्यांनी पाहिलंय.

हे झालं हाताचं. टंकण्याची गोष्ट वेगळी, आणि तिच्यात मला जास्त वेळ लागला.

बँकेत लागण्याआधी मी 'मराठी ३०'ची टायपिंगची परीक्षा पास झाले होते, यंत्रावर. पुढं घरी कॉम्प्युटर आला तेव्हा टंकयंत्राच्याच कळपाटावर चालणारा एक जुना फॉन्ट घेतला आणि दहा वर्षं त्यातच कथा टंकल्या. पुरात कॉम्प्युटर बुडाला, पण माळ्यावरच्या सीड्या कोरड्या होत्या. मला वाटलं, वह्या गेल्या तरी ह्या आहेत. भाच्याच्या लॅपटॉपवर पहिली फाईल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती मिसळ दिसली. माझीच कथा, आणि मला तिच्यातला एक शब्द वाचता येईना. भिजलेल्या वहीपेक्षा हे मला जास्त लागलं. वही निदान बुडालेली दिसत तरी होती.

भाच्यानं समजावलं तेव्हा कळलं. त्या जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षर असं काही नसतंच. रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट असेपर्यंत चित्र दिसतं, फॉन्ट गेला की खालचं रोमन अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१ पासूनच्या त्या व्यवस्थेत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत आणि क हा कुठल्याही फॉन्टात, कुठल्याही यंत्रात क-च राहतो. आम्ही फाईली बदलून घ्यायचा प्रयत्न केला. रूपांतर झालं, पण वेलांट्या आणि रफार सैरभैर झाले. त्याचंही कारण आहे. टंकयंत्रात ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, रफार मात्र अक्षर झाल्यावर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळतात. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी, दिसायला ती आधी असली तरी. 'धर्म' म्हणजे ध, र, हलन्त, म. रूपांतर करणारा प्रोग्रॅम हा क्रम उलटवताना जोडाक्षर आलं की चुकतो. एकेचाळीस फाईली होत्या. प्रत्येक ओळ मी मूळ छापील अंकाशी, जिथं अंक मिळाला तिथं, ताडून पाहिली. अठ्ठावीस कथा पूर्ण मिळाल्या.

आणि ह्या कामातच ठरवलं की पुढचं सगळं इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवून दिलेल्या कळपाटावर. मनात भीती होती. बोटांना टंकयंत्राची सवय लागून तीस वर्षं झालेली. पण इनस्क्रिप्टची रचना कळली की ती मनाला पटते. डाव्या हाताखाली स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीवर डावीकडं ओकार, एकार, हलन्त, ऱ्हस्व इकार, ऱ्हस्व उकार. उजवीकडं प, र, क, त, च, ट. शिफ्ट दाबला की प-चा फ, क-चा ख, त-चा थ, ट-चा ठ. आणि ल-च्याच कळीवर शिफ्टसकट ळ. हा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात आहे आणि ब्राह्मीपासून निघालेल्या भारतातल्या मुख्य लिप्यांना तोच चालतो. आमच्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी माणसं खूप. तिथल्या एका शिक्षिकेशी बोलताना कळलं की त्या कन्नड लिहितात तेव्हा क-साठी त्यांचं बोट माझ्याच जागेवर पडतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं.

रोज सकाळी चहा झाल्यावर वीस मिनिटं. पहिला आठवडा फक्त मधली ओळ. टोक, चोर, पोत, रिते, कोपरे. मिनिटाला सहा-सात शब्द. वेलांटी आधी मारायची सवय जाता जाईना. बोट आधी वेलांटीवर जायचं आणि पडद्यावर ती एका ठिपक्यांच्या गोलाला लटकून उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात कळपाटाकडं बघणं थांबलं. सरावासाठी दुसरं काही न घेता वाळवलेल्या रफ वह्याच टंकल्या, त्यामुळं सराव आणि वाचवणं एकदमच झालं. 'वाऱ्यावर' मधला तो अर्धा र पहिल्यांदा बरोबर उमटला तो दिवस लक्षात आहे. ऱ, हलन्त, य. जुन्या फॉन्टात त्याला निराळं चित्र शोधावं लागे.

तीन महिन्यांनी वेग मिनिटाला पंचवीस शब्दांवर आला. त्याहून वाढवायची मला इच्छा नाही. पेन्सिलीचा खर्डा समोर ठेवून टंकताना तेवढ्या वेगात प्रत्येक वाक्य पुन्हा एकदा मनात बोललं जातं आणि निम्मी दुरुस्ती तिथंच होते.

फोनवर बोलून टंकणंही करून पाहिलं. फिरायला गेल्यावर घाटावर सुचलं तर दोन वाक्यं बोलून ठेवायला ते चांगलं. पण कथेतलं संवादाचं काम मी त्याला देत नाही. आमच्याकडची बाई म्हणते, "त्यो काय येतुय व्हय आता?" फोन त्याचं "तो काय येतो होय आता" करतो. त्या बाईचं सगळं बाईपण त्या 'त्यो'त आणि 'व्हय'मध्ये आहे. ते पेन्सिलीनंच उतरवावं लागतं, आणि शक्य तितकं लवकर, कारण ऐकलेली बोली तासाभरात आपल्या डोक्यात प्रमाण भाषेकडं सरकायला लागते. मी ते स्वतःवर पडताळून पाहिलंय. एकच संवाद बसमध्ये उतरवला आणि रात्री आठवून पुन्हा लिहिला. दुसऱ्यात चार शब्द पुस्तकी झालेले होते.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, ५५ फुटांच्या आसपास. ह्या वेळी घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची एक पेटी तयार होती. पेटी केवढी घ्यायची ह्याचा मी आधी विचार केला होता. मला एका हातानं उचलून जिना चढता आला पाहिजे, दुसऱ्या हातात सासूबाईंचा हात असतो. तेवढ्या पेटीत आठ वह्या मावतात. म्हणून नियम असा की चालू कामाच्या आठच वह्या खाली. बाकी टंकून झालेल्या विश्रामबागेत नणंदेच्या माळ्यावर जातात. टंकलेली फाईल घरच्या कॉम्प्युटरवर, पेनड्राईव्हवर आणि मेलनं स्वतःलाच पाठवलेली, अशी तीन ठिकाणी. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कथेचं नाव. त्यानं आपोआप ओळीनं लागतात. त्या जुलैत एकही पान भिजलं नाही.

आता वेळेचं. मराठीत कथा लिहिणाऱ्या माणसाचं वर्ष दिवाळीवरून मोजलं जातं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही घडी पडली आहे आणि मला ती जाच वाटत नाही. अंक बाजारात नवरात्राच्या सुमाराला यायला लागतात. त्याआधी छपाई, त्याआधी मुद्रितं तपासणं, म्हणजे कथा श्रावणात संपादकांच्या हातात पाहिजे. म्हणून माझं नियोजनाचं साधन स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं, आणि माझ्या माहेरी तेव्हापासून भिंतीला होतं. फोनमध्ये कॅलेंडर आहे, भाच्यानं त्यात आठवणीही लावून दिल्या होत्या, पण फोनमध्ये मला आजचा दिवस दिसतो आणि भिंतीवर महिना दिसतो. त्यातही दूध, गॅसचा नंबर, सासूबाईंची डॉक्टरांची तारीख आणि 'कथा २, खर्डा पुरा' हे सगळं एकाच कागदावर असतं. ज्या आठवड्यात चौकोन घरच्या कामांनी भरलेले दिसतात, त्या आठवड्यात मी लिहायचं धरतच नाही, म्हणून ते राहिल्याची बोचही लागत नाही.

तिथीचा उपयोग मला २०२३ साली झाला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. आदल्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालं होतं, त्या वर्षी १२ नोव्हेंबरला. एकोणीस दिवस पुढं. मी जानेवारीत पानं चाळतानाच ते पाहून ठेवलं. जूनमध्ये एक कथा अशी अडली की तिचा उत्तरार्ध खोटा वाटायला लागला. नेहमीचं वर्ष असतं तर मी तो तसाच पाठवला असता. संपादकांना फोन करून विचारलं, त्यांचंही वेळापत्रक पुढं सरकलेलं होतं. ते एकोणीस दिवस मला मिळाले. उत्तरार्ध पहिल्यापासून लिहिला, आणि माझ्या कथांपैकी तेवढ्या एकीवर वाचकांची पत्रं आली.

तो उत्तरार्ध कसा लिहिला हे सांगते, कारण त्यात माझं आवडतं साधन आहे. लग्नपत्रिका. घरात वर्षाला पंचवीस-तीस येतात, जाड कागदाच्या, आतून पाठकोऱ्या. त्या मी पोस्टकार्डाएवढ्या कापून ठेवते. कथेतला एक प्रसंग, एक तुकडा. त्यावर तीनच गोष्टी. कोण आहे, काय मागतंय, आणि प्रसंग संपताना काय बदललंय. तिसऱ्या ओळीला काही लिहिता आलं नाही तर तो प्रसंग कथेत नको. दुपारी सगळे झोपले की सतरंजी अंथरून त्यावर ते तुकडे मांडते. त्या जूनमध्ये मांडलेले चौदा तुकडे होते, आणि नवव्यापासून पुढं सहांच्या तिसऱ्या ओळी कोऱ्या निघाल्या. दहाव्या तुकड्यात येणारी थोरली बहीण मी उचलून चौथ्यात ठेवली. तिथून खालचं सगळं हललं. कॉम्प्युटरवर हे करता येतं, मी पाहिलंय, पण पडद्यावर चौदा तुकडे एकदम दिसत नाहीत, आणि गुडघ्यावर बसून त्यांच्याभोवती फिरता येत नाही. ठरलेला क्रम मोडू नये म्हणून ते तुकडे किराणा दुकानात बिलं खोचतात तसल्या आकड्याच्या तारेत ओवून खिळ्याला अडकवते. खर्डा लिहिताना वरचा काढायचा, झाला की पेटीत.

शेवटचं काम कागदावरच होतं. टंकलेली कथा मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, पाठकोऱ्या कागदांवर छापते. पडद्यावर मंगल फॉन्ट असतो. र. कृ. जोशींनी केलेला हा फॉन्ट पडद्यावर डोळ्यांना त्रास देत नाही. छापताना मुद्दाम दुसरा घेते, बहुधा मुक्ता. अक्षराचा चेहरा बदलला की मजकूर परक्यानं लिहिल्यासारखा दिसतो आणि चुका समोर येतात. भाषा म्हणून मराठी निवडलेली आहे ना हेही बघते, कारण काही फॉन्टांत ती हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. २००९ सालच्या शासननिर्णयात मराठीचं वळण ठरवून दिलेलं आहे. मला ते आपल्या हस्ताक्षरातलंच हवं असतं. शुद्धलेखनासाठी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश आणि एक छोटा कोश हाताशी, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम आहेत. कागदावर ते नाहीत, फक्त मी हमखास चुकते ते शब्द आहेत. सध्या तेवीस आहेत. सहा महिने एखादा चुकला नाही की त्यावर काट मारते.

वडिलांचं पेन आहे. पुरात ते माझ्या पर्समध्ये होतं. आता त्यानं पत्रं लिहिते आणि संपादकांना पाठवायच्या प्रतीवर सही करते.

त्या अकरा निळ्या वह्याही आहेत. बाइंडरनं नवी शिवण घालून दिली. बॅटरीचा उजेड आडवा धरून निबाचे ओरखडे वाचायचा प्रयत्न मी पुष्कळ रात्री केला. जाड निब, हलका हात, कागदावर दाब पडलेलाच नव्हता. एका वहीत 'आणि मग थोरली' एवढे तीन शब्द मिळाले. ती कुठली कथा होती ते आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच वहीच्या पहिल्या पानावर, त्या फिकट निळ्यावर, मी २बीनं लिहायला सुरुवात केली. निळ्यावर पेन्सिल चांगली उठून दिसते. सध्या बावन्नाव्या पानावर आहे. कालनिर्णयावर ह्या शनिवारच्या चौकोनात 'खर्डा पुरा' लिहिलंय, त्याच्याखाली 'दळण'.